होडीतली मैल्याची नळी आणि आपण



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांनी विषय सुचवला होता 'शुचिता'. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस म्हटल्यावर उपनिषदे येतील, गीतेतला तेरावा अध्याय येईल, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय मान्य केला. पण सुरुवात एका नळीपासून करणार आहोत. दीड इंच व्यासाची, मळकट पांढरी, शिडाच्या होडीतल्या संडासातून टाकीकडे मैला नेणारी. चहानंतर लगेच हे ऐकवतोय, त्याबद्दल माफ करा.

आमचा पुतण्या अमेरिकेत मेरीलँडमध्ये असतो. तिथे चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. इथे आपल्याकडे माणूस चाळिशीनंतर मुळशीकडे फार्महाऊस बघायला लागतो, तसे तिकडचे लोक जुन्या होड्या बघतात. यानेही एक घेतली. चौतीस फुटी, फायबरग्लासची, वय चाळीसच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा होडी अजून पाण्याबाहेर टेकूंवर उभी होती. हिवाळ्यात तिथे होड्या बाहेर काढून ठेवतात. शिडी लावून वर चढायचे आणि चार पायऱ्या उतरून आत जायचे. सौ. तिसऱ्या पायरीवरून परत फिरल्या. इतका वास.

पुतण्या म्हणाला, "काका, टाकी धुतली, भांडं नवं बसवलं, बाटल्याच्या बाटल्या औषध ओतलं. वास जात नाही."

शेजारच्या होडीवर एक म्हातारे गृहस्थ होते, आमच्याच वयाचे. त्यांनी एक साधी परीक्षा सांगितली. फडके गरम पाण्यात बुडवून पिळायचे, नळीला घट्ट गुंडाळायचे, गार होऊ द्यायचे आणि मग ते फडके हुंगायचे. आम्ही हुंगले. त्याचे वर्णन करत नाही. पण गंमत अशी की नळी कुठेही फुटलेली नव्हती. एक थेंब बाहेर आलेला नव्हता. हाताला कोरडी ठणठणीत. वास तिच्या भिंतीतून झिरपत होता.

आता इथे आमच्यातला जुना मास्तर जागा होतो, थोडे सहन करा. आपल्या न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला आहे. पाण्याला स्वतःचा गंध नाही, वायूला नाही. पाण्याला वास आला तर त्यात पृथ्वीचे कण मिसळले असे समजायचे. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरची मुले हसायची, आम्हीही थोडे हसून सोडून द्यायचो. त्या होडीत मात्र वाटले की हे लोक अगदीच हवेत बोलत नव्हते. वास येतो म्हणजे त्या वस्तूचा काही अंश खरोखरच नाकापर्यंत पोचलेला असतो. मैल्यातून निघणारे वायू नळीच्या भिंतीत शिरतात, वर्षानुवर्षे मुरतात आणि पलीकडून बाहेर पडतात. मऊ प्लास्टिकची नळी असेल तर लवकर, चांगल्या दाट रबराची असेल तर उशिरा. पीव्हीसी मुळात कडक असते. तिच्यात मऊपणा आणणारे द्रव्य मिसळण्याची युक्ती 1926 च्या सुमाराला अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनज्ञाने काढली. ते द्रव्य हळूहळू निघून जाते, नळी ताठ होते आणि भिंत निकामी होत जाते. आत मैला नुसता उभा राहत असेल तर अर्थात आणखी लवकर.

पण मैला नळीत उभा का राहतो? हा प्रश्न आम्ही पुतण्याला विचारला, आणि त्याच्या उत्तरातून इतिहास सुरू झाला.

शिडाच्या मोठ्या जहाजांवर पूर्वी संडासाची खोली नव्हती. जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, फळ्यांना भोके पाडलेली असत आणि खलाशी तिथे बसत. वारा साधारण मागच्या बाजूने येणारा, त्यामुळे वास पुढे निघून जाई. खालून लाटा धुऊन काढत. इंग्रजीत जहाजाच्या त्या टोकाला 'हेड' म्हणत, आणि म्हणूनच आजही होडीतल्या संडासाला 'हेड'च म्हणतात, मग तो कुठेही असो. अरबी समुद्रातल्या पडावांवर पिछाडीला बाहेर लटकणारी लाकडी पेटी असे, काम तेच. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते यांच्यावर आपण अभिमानाने बोलतो, लढाया सांगतो. त्या गलबतांवर शे-दीडशे माणसे सकाळी काय करत होती हे कोणी विचारत नाही. इतिहासाला नाक नसते, असे आम्ही एकदा वर्गात म्हटले होते. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, याचे अजून वाईट वाटते.

मग जमिनीवर भांड्याचा संडास आला. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंगने 1775 मध्ये भांड्याखालच्या नळीला वाकडे वळण देऊन त्यात पाणी साठवले, म्हणजे खालचा वास वर येऊ नये. आपल्या प्रत्येकाच्या घरात आज ते वळण आहे. 1778 मध्ये जोसेफ ब्रामाने झडपेचा संडास केला. पुढे हाताने दाबायचा पंप जोडून हे प्रकरण होडीत गेले. समुद्राचे पाणी आत ओढायचे, मैल्यासकट बाहेर ढकलायचे. यात एक धोका राहिला. छोट्या होडीत संडासाचे भांडे बहुधा पाण्याच्या रेषेच्या खाली असते. बाहेरच्या नळीला पाण्याच्या वर उंच कमान दिली नाही, आणि कमानीच्या डोक्यावर हवा शिरायला छोटी झडप ठेवली नाही, तर सायफन सुरू होतो आणि समुद्र त्याच वाटेने आत येतो. धक्क्याला बांधलेल्या होड्या अशा रात्रीतून बुडाल्या आहेत. मोठ्यांचीही सुटका नाही. 14 एप्रिल 1945 रोजी जर्मनांची यू-1206 ही पाणबुडी स्कॉटलंडजवळ संडासाची झडप चुकीची फिरवल्यामुळे वर यावी लागली आणि गमवावी लागली. हिटलरच्या आरमाराला अशा रीतीने एक पाणबुडी कमी झाली.

तोपर्यंत मैला नळीत थांबत नव्हता. दहा-वीस वेळा पंप मारला की समुद्रात. नळी स्वच्छ राहायची, खाडी घाण व्हायची. 1972 मध्ये अमेरिकेत पाण्याच्या शुद्धतेचा कायदा झाला, आणि किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत कच्चा मैला सोडण्यावर बंदी आली. जगभरच्या जहाजांसाठी 1973 चा आणि 1978 चा मारपोल करार आहे. त्याचे मैल्याबद्दलचे चौथे परिशिष्ट अमलात यायला 2003 साल उजाडले. तीस वर्षे लागली, बघा. तेल, रसायने यांच्यावर देश लवकर सही करतात. मैल्याचा कागद नेहमी गठ्ठ्याच्या तळाला.

या कायद्यांमुळे होडीत टाकी आली. मैला साठवायचा आणि धक्क्यावरच्या पंपाकडे नेऊन उपसून द्यायचा. नळीत आता मैला दिवसेंदिवस उभा राहू लागला आणि मग ती वासू लागली. आम्हाला ही साखळी फार महत्त्वाची वाटते. खाडी घाण होत होती तेव्हा होडीवाल्याला वास येत नव्हता. खाडी वाचली आणि वास घरात आला. घाण कमी-जास्त झाली नाही. तिचा त्रास ज्याची ती होती त्याच्याकडे परत आला, एवढेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. चार दिवस लागले. पुतण्याने पहिल्या दिवशी सांगितले, "काका, तुम्ही फक्त टॉर्च धरा." दुसऱ्या दिवशी आमचेही हात आत होते, कारण होडी बांधणाऱ्याने आधी नळ्या टाकल्या आणि मग त्यांच्याभोवती कपाटे बांधली, अशा जागा. पुतण्याचा खांदा जिथे जात नव्हता तिथे आमचा वाळलेला हात गेला. पंचाहत्तरीत शरीराचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

जुनी नळी तोटीवरून निघत नाही. हॉट एअर गनने गरम करायची, पेचकसाने कडा उचकटायची. तरी हलली नाही तर धारदार सुरीने लांबीच्या दिशेने चिरायची, पण खालच्या तोटीवर चरा जाता कामा नये. चरा गेला तर नवी नळी तिथून गळणार. त्याआधी टाकी रिकामी करून, भरपूर गोडे पाणी फिरवलेले असावे, आणि होडी पाण्यात असेल तर बुडाचा कॉक बंद केलेला असावा. हे सगळे केले तरी प्रत्येक नळीत पेलाभर काहीतरी शिल्लक असतेच. ती दोन्ही टोके वर धरून, पोत्यात गुंडाळून, कोणाशी न बोलता शिडीवरून खाली न्यायची.

कापलेल्या नळीच्या आत आम्ही टॉर्च मारला. दीड इंचाची वाट अंगठ्याएवढी उरली होती. मूत्र आणि समुद्राचे खारे पाणी एकत्र आले की चुन्यासारखे पांढरे कीट बसते आणि दगडासारखे घट्ट होते. आपल्या घरच्या बंबात बसायचे, तसे. काही लोक नळी बदलत नाहीत. काढतात, सिमेंटच्या जमिनीवर आपटून आपटून कीट फोडतात आणि तीच परत बसवतात. काही दर महिन्याला व्हिनेगर ओततात, त्याने कीट बसायला वेळ लागतो. पण भिंतीत मुरलेला वास आपटून जात नाही. तिथे नवी नळीच घालावी लागते.

नवी नळी ताठ असते, तोटीवर चढत नाही. तिचे टोक कढत पाण्यात मिनिटभर बुडवायचे, मऊ झाले की एका दमात पिळून चढवायचे. आणि मग प्रत्येक तोटीवर दोन जुबली क्लिपा, एकीचा स्क्रू एका बाजूला, दुसरीचा दुसऱ्या. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले बरेच जण समोर बसले आहेत, जुबली क्लिप काय हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण ती 1921 मध्ये ब्रिटिश आरमारातल्या कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी काढली हे आम्हाला तिथे कळले. आरमारातली वस्तू भोसरीच्या कारखान्यात पोचली आणि आमच्या हातून परत होडीत गेली. बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, एका कपाटात डोके खुपसून क्लिप आवळताना, आम्हाला एक गोष्ट लक्षात आली. चार दिवसांत आमच्या किंवा पुतण्याच्या मनात एकदाही 'कोणाला तरी बोलावू' असे आले नाही. तिथे माणूस मिळतो, पण तासाचे पैसे ऐकून कोणी बोलावत नाही. आणि समुद्रात असताना तर प्रश्नच नाही. गोव्यातल्या दिवाड बेटावर बांधलेली 'म्हादेई' ही छप्पन फुटी शिडाची होडी घेऊन दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, असे करणारे पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता पाच महिने एकटे फिरले. नंतर 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 2017-18 मध्ये फिरून आल्या. या कहाण्यांत आपण लाटा, वादळे, केप हॉर्न ऐकतो. आम्हाला आता आणखी एक गोष्ट दिसते. त्या होडीवर कमांडर असो की कोणी असो, संडास तुंबला तर हात त्याचाच. होडीला मागचा दरवाजा नसतो.

मागचा दरवाजा म्हटले आणि पुणे आठवले. होडीतून आता तिकडे येऊ.

आमचे बालपण शनिवार पेठेत एका वाड्यात गेले. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून नळ आणून पुण्याला पाणी दिले, त्याचे कौतुक आम्ही शाळेत घोकले. पाणी आत आणणारा नळ होता. बाहेर काय जाते आणि कोण नेते, याचा धडा नव्हता. वाड्याच्या मागच्या अंगाला शेतखाना. हा शब्द आता गेला, पण आमची आजी तोच वापरायची. उंच ओट्यावर तीन खोल्या, प्रत्येकीच्या खाली टोपली, आणि टोपल्या काढायला मागून एक अरुंद बोळ. त्या बोळाला काय म्हणत हे तुमच्यातल्या वयस्करांना माहीत आहे. आम्ही इथे तो शब्द उच्चारत नाही. रोज सकाळी एक बाई यायची. टोपलीतला मैला डब्यात उपसायची, डबा डोक्यावर. आम्ही आत बसलेलो असताना खाली खडखड झाली की ओरडायचो, "थांब!" एवढाच आमचा तिच्याशी संवाद. दहा-बारा वर्षे. तिचे नाव आम्हाला कधीच माहीत नव्हते. दिवाळीला तिला फराळ दिला जाई, वरून, हात लागणार नाही असा.

म्हणजे बघा, तिथे मैल्याची नळी होती. ती माणसाची होती.

1949 मध्ये मुंबई सरकारने सफाई करणाऱ्यांच्या राहणीमानाची चौकशी करायला वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अनेक ठिकाणी अमुक घरांचा मैला उपसणे हा अमुक कुटुंबाचा वहिवाटीचा हक्क समजला जाई, तो विकलाही जाई. हक्क! गुलामीलाही कायद्याच्या भाषेत बसवता येते, याचा याहून चांगला दाखला आम्ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेला नाही.

या साखळीला आतून धक्का देणारा माणूस कोकणातला. आप्पासाहेब पटवर्धन. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की आम्हाला भंगीकाम करू द्या. तुरुंगाचा नियम असा की ते काम जातीनेच करायचे. ब्राह्मण राजबंद्याला ते देता येत नाही. आप्पासाहेबांनी उपास धरला. येरवड्याला असलेल्या गांधीजींनी 3 डिसेंबरला त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. तुरुंगात लोक काम टाळण्यासाठी उपास करतात. इथे काम मिळावे म्हणून, आणि तेही हे काम. पुढे आप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि असा संडास कसा करता येईल याचे प्रयोग केले की ज्यात मैला कोणी उचलायचाच नाही. जागच्या जागी त्याचे सोनखत व्हावे. आप्पांचे मोठेपण आम्हाला या दुसऱ्या भागात जास्त वाटते. एका ब्राह्मणाने डबा डोक्यावर घेतला म्हणून व्यवस्था बदलत नाही. डबाच नको असा संडास केला तर बदलू शकते. पहिल्याशिवाय दुसरे सुचले असते का, हा प्रश्न मात्र उरतो. आम्ही कपाटात डोके खुपसले नसते तर हे व्याख्यान सुचले नसते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आणि आप्पांचा धागा पुढे आपल्याच भागात आला. इथून देहू किती लांब? देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. मापुसकर म्हणून डॉक्टर आले. पोटाचे, जंतांचे तेच तेच रुग्ण पुन्हा पुन्हा येताना पाहून त्यांनी औषधांबरोबर गावात संडास बांधण्याचे काम हातात घेतले. त्यांनी आप्पासाहेबांच्या प्रयोगातून पुढे जाऊन मैल्यापासून गॅस देणारी 'मलप्रभा' ही रचना विकसित केली. संडास एका बाजूला, बंद टाकी शेजारी, मधली नळी अगदी थोडकी. मैला स्वतःच्या उताराने टाकीत जातो आणि वरचा गॅस चुलीला. देहूत आपल्या संस्थेला त्यांनी आप्पा पटवर्धनांचेच नाव दिले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूला आपण तुकोबांसाठी जातो आणि जावेच. पण ज्या गावात एका डॉक्टरने घरोघर जाऊन लोकांना संडासाबद्दल बोलते केले, तेही देहूच. हे दर्शन कोणत्याच सहलीच्या पत्रकात नसते.

टोपल्या गेल्या. 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये अधिक कडक झाला. त्याने गटारात, सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये असा मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख आणि 2023 मध्ये तीस लाख द्यायला सांगितले. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ माणसे उतरत आहेत.

इथे त्या वासाकडे परत येऊ. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. होडीतल्या नळीचा वास हा एका अर्थी उपकारच, तो सांगत असतो की भिंत गेली. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरच्या आसपास भाग झाले की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बंद पडते. वास नाहीसा होतो. माणसाला वाटते हवा सुधारली, तो आणखी खाली उतरतो, आणि पुढच्या पायरीवर शुद्ध जाते. त्याला काढायला दुसरा उतरतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत म्हणूनच नेहमी दोन किंवा तीन नावे असतात.

आता घरचे. आम्ही निवृत्तीनंतर पुणे सोडून माणला राहायला आलो. पत्ता सांगितला की लोक विचारतात, साताऱ्याकडचे माण का? नाही हो, मुळशीतले, हिंजवडीच्या पुढचे, जिथे आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि मेट्रोचा डेपो आहे ते. इथल्या जुन्या मंडळींना शेतं आठवतात. आम्हाला आलो तेव्हापासून क्रेनच दिसतात. वीस-वीस मजले वर गेले. प्रत्येक मजल्यावर कमिंगसाहेबांचे वाकडे वळण आहे, म्हणून घरात वास येत नाही. खाली पार्किंगच्या पोटात सगळे एकत्र होते, तिथे आपण जात नाही.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीची लाइन तुंबली. आम्ही तेव्हा सचिव होतो. ठेकेदाराला फोन केला. त्याने दोन मुले पाठवली, विशीतली. चेंबरचे झाकण उघडले, एकाने कमरेला दोरी बांधली आणि तो उतरला. ना मास्क, ना काही. दहा-बारा फूट असेल. आम्ही तिथेच उभे होतो, हातात पेपर. कायदा आम्हाला माहीत होता. मानवी हक्कांवर आम्ही विद्यापीठात पेपर वाचलेला आहे. आम्ही काही बोललो नाही. पाहुणे येणार होते, दोन विंगांचे संडास बंद होते. दहा मिनिटांनी दुसऱ्याने दोरी ओढली, तो वर आला, कडेला बसून ओकला, थोडा वेळ डोके धरून बसला. वॉचमनने कागदी पेल्यात पाणी दिले. लाइन मोकळी झाली. आम्ही व्हाउचरवर सही केली: चोकअप काढणे, लेबर दोन, 1800 रुपये. 'नाव' या रकान्यात ठेकेदाराने स्वतःचे नाव लिहिले होते.

होडीतले काम संपल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने सगळी कपाटे बंद केली, आम्ही पुन्हा गरम फडके नव्या नळीला गुंडाळले, गार झाल्यावर हुंगले. साबणाचा वास आला. सौ. शिडी चढून आत येऊन बसल्या आणि चहा झाला. तो चहा पिताना आम्हाला व्हाउचर आठवले, आणि त्याच्यामागून बोळातली खडखड.

परत आल्यावर आम्ही ठेकेदाराला गाठले. विचारले, ती दोन मुले कोण होती, कुठे असतात. तो म्हणाला, "सर, ती लातूरकडची होती, गेली गावाला." नावे? त्याने आठवून पाहिले. त्याला आठवली नाहीत. काही तक्रार आहे का, असे मात्र त्याने दोनदा विचारले.

सोसायटीपुढे आम्ही आता प्रस्ताव ठेवला आहे. पार्किंगखालची जुनी लाइन, जिथे उतार चुकला आहे आणि दर वर्षी तुंबते, ती बदलायची. चेंबरांना मोठी झाकणे करायची, म्हणजे जेटिंगच्या गाडीचा पाइप वरूनच आत जाईल. आणि माणूस उतरवायचा नाही, असे लेखी ठरवायचे. प्रत्येक फ्लॅटला साडेचार हजारांच्या आसपास येतात. मागच्या सभेत एका सदस्याने विचारले, "पण सर, वास कुठे येतोय?" खरे आहे, येत नाही. आम्ही त्यांना हायड्रोजन सल्फाइडचे सांगायला लागलो, तेवढ्यात वेळ संपली.

पुढची सभा रविवारी सकाळी दहाला आहे. विषयपत्रिकेवर हा विषय सातवा. सहावा गणपतीच्या वर्गणीचा आहे, त्यामुळे तो आधी संपायला हवा.